लिंबू, साखर, सोडा आणि चेहऱ्याची त्वचा

वाचकाचे पत्र

‘माझे वय 36 असून मी सांगलीत एका शाळेत शिक्षिका आहे. मार्गशीर्षात धाकट्या दिराचे लग्न आहे. पार्लरचा खर्च टाळावा आणि चेहऱ्यावर रसायनेही नकोत, या विचाराने गेले काही आठवडे मी घरच्याच वस्तूंनी चेहरा घासते आहे. कधी साखर व लिंबाचा रस, कधी खाण्याचा सोडा, कधी कॉफी व खोबरेल, तर कधी डाळीचे पीठ व दही असे करते. सुरुवातीला चेहरा छान गुळगुळीत लागत असे. मागच्या रविवारी मात्र लिंबाच्या सालीवर साखर घेऊन गाल आणि गळा घासला आणि तसेच वरवर धुऊन गच्चीवर गहू वाळत घालायला गेले. दोन दिवसांनी तिथे आग होऊन लाल पट्टे उठले आणि आता ते तपकिरी झाले आहेत. ते जावेत म्हणून आणखी घासावे का? सासूबाई म्हणतात की उटणे रोज लावावे, त्याने कधीच काही होत नाही. माझ्या 13 वर्षांच्या मुलीच्या मानेवर काळा मळ साचला आहे. सोडा व लिंबू लावूनही तो निघत नाही, उलट मान सोलवटली आहे. जावेच्या चार महिन्यांच्या बाळालाही रोज डाळीचे पीठ व साय चोळतात आणि लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवतात. यातले काय चालू ठेवावे आणि काय बंद करावे, हे कृपया सविस्तर सांगावे.’

– एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील प्रश्नांचा क्रम मी बदलते आहे, कारण तुमच्या गालावरच्या पट्ट्यांपेक्षा मुलीच्या मानेकडे आधी लक्ष जायला हवे. साबण, सोडा आणि लिंबू यांपैकी कशानेही न निघणारा, मानेच्या मागच्या बाजूला पसरलेला काळपटपणा हा बहुधा मळ नसतो. तिथली त्वचा बोटांना थोडी जाड आणि मखमली लागते का, मानेच्या घड्या नेहमीपेक्षा ठळक दिसतात का, आणि तसाच काळेपणा काखेत, कोपरांवर किंवा बोटांच्या पेरांवर आहे का, हे दिवसाच्या उजेडात एकदा नीट पाहा. तसे असेल तर त्याला वैद्यकात ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात, आणि त्याचे सर्वांत नेहमीचे कारण त्वचेत नसून शरीरातील इन्सुलिनच्या कामात असते. पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते, आणि रक्तात वाढलेले हे इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढीचा संदेश देते. त्यामुळे घड्यांच्या जागी त्वचेचा वरचा थर जाड होतो आणि गडद दिसू लागतो. हा काळेपणा घासून निघत नाही, कारण निघण्यासारखे तिथे काही साचलेलेच नसते. घासण्याने त्वचा आणखी जाड आणि आणखी काळी होते, एवढेच घडते.

म्हणून मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि वजन, उंची, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) एवढे तरी पाहून घ्या. घरात कोणाला मधुमेह असल्यास ते आवर्जून सांगा. पाळी सुरू झाली असेल आणि ती फारच अनियमित येत असेल, किंवा ओठांवर व हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही सांगा. काही मुलांच्या मानेवर साबणाने न निघणारा, पण स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याबरोबर निघून येणारा एक थर खरोखरच साचतो आणि त्यात काळजीचे काहीही नसते. डॉक्टर एका मिनिटात ही शहानिशा करू शकतात. ती तुम्ही घरी करू नका, कारण सोलवटलेल्या मानेवर स्पिरिट लागले तर पोरीला असह्य आग होईल. सध्या त्या जागी दिवसातून दोनदा साधी पेट्रोलियम जेली लावा आणि घासणे पूर्णपणे थांबवा. कारण इन्सुलिनचेच निघाले, तर खाण्यातील साखर आणि मैदा कमी करणे, रोजचे खेळणे-चालणे वाढवणे आणि वजन आटोक्यात आणणे यांनी मानेचा रंगही हळूहळू उतरतो. आणि एक विनंती मी मनापासून करते : ‘मान नीट धुतली नाहीस’ असे तिला घरात कोणीही म्हणू नये. माझ्याकडे अशा मुली येतात तेव्हा त्यांची मान घासून सोललेली असतेच, पण आपण अस्वच्छ आहोत ही खंतही त्यांच्या मनात रुजलेली असते, आणि ती काढायला मानेपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता तुमच्या गालावरचे पट्टे. तुम्ही जे वर्णन केले आहे, ते लिंबू आणि ऊन यांच्या एकत्रित परिणामाशी तंतोतंत जुळते. लिंबाच्या रसात, आणि रसापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाच्या वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना उन्हातील अतिनील ‘अ’ किरण पडले की त्वचेच्या पेशींना भाजल्यासारखी इजा होते. ही इजा लगेच दिसत नाही. साधारण एक दिवसानंतर लाली येऊ लागते, दोन ते तीन दिवसांनी ती सर्वाधिक होते, कधी फोडही येतात, आणि नंतर तिथे तपकिरी डाग उरतात, जे काही आठवडे ते काही महिने टिकतात. इतक्या उशिरा परिणाम दिसत असल्यामुळेच बहुतेकांना लिंबाचा संशय येत नाही. याच वर्गातील सोरॅलिन हे द्रव्य बावचीच्या बियांत असते आणि कोडाच्या उपचारात बावची लावून उन्हात बसवण्यामागे त्वचेला रंग आणण्याचा हाच गुण वापरलेला असतो. म्हणजे जे द्रव्य रंग गडद करण्यासाठी वापरले जाते, त्याच कुळातील द्रव्य आपण रंग उजळेल या आशेने चेहऱ्यावर चोळतो. यात आपल्याकडची आणखी एक अडचण अशी की, परदेशी पाककृतींसारख्या लिहिलेल्या या सौंदर्यकृतींत जे मोठे पिवळे लिंबू अभिप्रेत असते, ते आपल्या बाजारात फारसे मिळत नाही. आपण वापरतो ते कागदी लिंबू, आणि या प्रकारच्या इजेसाठी ते जगभर कुप्रसिद्ध आहे.

तेव्हा ‘आणखी घासावे का’ या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. डाग त्वचेच्या वरच्या मृत थरावर नसून त्याखालच्या जिवंत थरात आहेत. तिथे पुन्हा घर्षण झाले की पुन्हा दाह होईल, आणि आपल्यासारख्या गव्हाळ व सावळ्या त्वचेत प्रत्येक दाह मागे रंग ठेवून जातो. पुढील सहा आठवडे चेहऱ्यावर कोणताही स्क्रब वापरू नका. सौम्य फेसवॉश किंवा नुसते पाणी, ओलसर चेहऱ्यावर सुगंधविरहित मॉइश्चरायझर, आणि सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन एवढाच नेम ठेवा. चेहरा व गळा यांना मिळून तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात. त्यापेक्षा कमी लावल्यास डबीवर छापलेले संरक्षण मिळत नाही. शक्य असल्यास त्वचेच्या रंगाचे, लोह-ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्या, कारण डाग गडद करण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही वाटा असतो आणि पांढरे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. फोड आले, पाणी सुटू लागले किंवा सहा आठवड्यांत काहीच फिकटपणा आला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डाग घालवण्याचे मलम औषधाच्या दुकानातून स्वतःहून मात्र आणू नका, कारण त्या मलमांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग त्वचा पातळ होऊन लालसर, पुळ्यांनी भरलेली आणि ऊन सहन न होणारी बनते.

स्वयंपाकघरातील कोणती वस्तू चालेल आणि कोणती नाही, हे ठरवण्याआधी आपण नेमके काय काढतो आहोत, हे पाहू. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत, चपट्या पेशी कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फटी स्निग्ध द्रव्याने भरलेल्या असतात. शरीरातील पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचे काम हाच थर करतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, तर तळपायावर ती त्याच्या अनेक पटींनी जास्त असते. म्हणून टाचांवर वज्री फिरवलेली चालते आणि तीच तऱ्हा गालावर चालत नाही. (घरात मधुमेही असल्यास त्यांनी टाचांवरही वज्री फिरवू नये, पायाची संवेदना कमी झाली असल्यास जखम कळत नाही.) खालून नवी पेशी तयार होऊन ती वर येऊन गळून पडण्याला तरुणपणी साधारण 28 दिवस लागतात आणि वयानुसार हा काळ वाढत जातो. म्हणजे त्वचा हे काम स्वतःच करते, आणि आपण करतो ती थोडीशी मदत असते. पहिल्या काही वेळा घासल्यावर चेहरा गुळगुळीत लागतो, कारण सुटत आलेल्या पेशी एकदम निघतात. त्यानंतरही दोन-दोन दिवसांनी घासत राहिल्यास ज्यांची निघायची वेळ आलेली नाही अशा पेशीही निघू लागतात, त्यांच्यामधले स्निग्ध द्रव्य जाते, आणि मग चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटणे, क्रीम लावताच झोंबणे, गाल लाल राहणे ही लक्षणे दिसू लागतात. ही लक्षणे दिसली की कोणती वस्तू वापरली हा प्रश्न गौण ठरतो. तेव्हा घासणेच थांबवायचे असते.

घरगुती वस्तू दोन तऱ्हांनी पेशी काढतात : एक कणांनी खरवडून आणि दुसरी आम्लाने किंवा पाचक द्रव्याने पेशींमधील बंध सैल करून. कणांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात, त्या म्हणजे कण किती बारीक आहे, त्याच्या कडा कशा आहेत आणि तो पाण्यात विरघळतो का. साखरेचा स्फटिक कडांना धारदार असतो, पण पाण्यात तो लवकर झिजतो. तीच साखर तेलात घेतली तर ती विरघळतच नाही आणि शेवटपर्यंत धारदार राहते. म्हणून साखर-खोबरेल हा लोकप्रिय प्रकार टाचा, कोपर आणि गुडघे यांच्यासाठी ठीक आहे, चेहऱ्यासाठी नाही. दळलेल्या कॉफीची (इन्स्टंट नव्हे) पूड पाण्यातही विरघळत नाही आणि तेलातही नाही, तिचे कण वेडेवाकडे असतात, आणि वर खोबरेल तेल असल्यास पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रे बुजण्याचा त्रास वेगळाच होतो. मीठ, जाडा रवा, अक्रोडाच्या कवचाची पूड, वाटलेली खसखस आणि घरी मिक्सरवर भरडलेली संत्र्याची वाळलेली साल या सर्वांना मी चेहऱ्यासाठी नाहीच म्हणेन. उरतात ती पिठे. वस्त्रगाळ केलेले मसूर डाळीचे किंवा हरभरा डाळीचे पीठ आणि बारीक दळलेले ओट्स हे कण मऊ असतात, पाण्यात फुगतात, चेहऱ्यावरचे तेलही थोडे शोषून घेतात, आणि ओट्समध्ये तर दाह शमवणारी द्रव्येही असतात. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्वचेचे रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे. तांदळाचे पीठ याच गटात येते, पण गिरणीतून भाकरीसाठी दळून आणलेले पीठ बोटांत कचकचते, ते दोनदा चाळल्याशिवाय घेऊ नये.

आम्लांच्या बाबतीत तुम्ही ‘रसायने नकोत’ असे लिहिले आहे, त्याविषयी थोडे सांगायला हवे. दह्यातील लॅक्टिक ॲसिड आणि औषधाच्या दुकानातील सीरममधील लॅक्टिक ॲसिड हे एकच द्रव्य आहे. फरक पडतो तो प्रमाणाचा आणि आम्लतेचा. फळे आणि दूध यांच्यातील ही आम्ले जाड, खवलेदार त्वचेवर गुणकारी ठरतात, हे व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी 1974 मध्ये दाखवून दिले, आणि आजची बहुतेक ‘फ्रूट ॲसिड’ प्रसाधने त्या कामातून पुढे आली. पुढे 1998 मध्ये अमेरिकेतील प्रसाधन-घटकांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापराच्या प्रसाधनांत ग्लायकॉलिक व लॅक्टिक ॲसिड 10 टक्क्यांपर्यंतच असावे, त्यांचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 3.5 पेक्षा खाली नसावा आणि वापरणाऱ्याने उन्हापासून रक्षण करावे, असे सांगितले. आता या मापाने आपल्या वस्तू तपासून पाहा. ताज्या दह्यात लॅक्टिक ॲसिड साधारण एक टक्क्याच्या आसपास असते आणि त्याचा सामू 4 ते 4.5 असतो, म्हणजे ते सौम्य आणि निर्धोक आहे. त्याच्याकडून फार मोठ्या परिणामाची अपेक्षा मात्र करू नये. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5 असतो. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे आम्लतेतील दहापट फरक असतो, हे लक्षात घेतले की जो पदार्थ प्रसाधनांच्या या मापात बसणार नाही, तो आपण नैसर्गिक म्हणून बिनदिक्कत गालावर चोळतो आहोत, हे कळते.

खाण्याचा सोडा याच्या बरोबर उलट टोकाला आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण 4.5 ते 5.5 सामूचा असतो आणि त्वचेला घट्ट ठेवणारी स्निग्ध द्रव्ये तयार होण्यासाठी ती आम्लता आवश्यक असते. सोड्याच्या द्रावणाचा सामू 8 च्या वर जातो. त्याने त्वचा काही काळ बुळबुळीत व मऊ लागते, पण तिची राखणदारी ढिली पडते आणि कोरडेपणा, खाज, पुळ्या असा क्रम सुरू होतो. सोडा आणि लिंबू एकत्र केल्यावर जो फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो आणि त्यात मळ काढण्याची कोणतीही शक्ती नसते. हे मिश्रण चेहरा, मान, काख यांपैकी कोठेही वापरू नका.

पपईबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आज ना उद्या कोणी सुचवेलच. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो, तो तिच्या चिकातील पपेन या प्रथिने पचवणाऱ्या द्रव्यासाठी. तेच द्रव्य मृत पेशींवरही काम करते. पण कच्चा चीक त्वचेला झोंबतो आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते, तर पिकलेल्या पपईत पपेन फारच थोडे उरलेले असते. म्हणून कच्ची लावू नये आणि पिकलेली खावी, हे बरे. दालचिनी, लवंग आणि टूथपेस्ट चेहऱ्यापासून दूरच ठेवा.

तुम्ही करत होता त्यातले डाळीचे पीठ आणि दही हे एकच मिश्रण मी चेहऱ्यासाठी पुढे चालू ठेवायला सांगेन, आणि तेही डाग पूर्ण शांत झाल्यावर. दोन चमचे वस्त्रगाळ मसूर डाळीचे पीठ, तेवढेच ताजे, आंबट न झालेले दही आणि लागेल तसे पाणी घेऊन पातळसर लेप करा. आधी तो कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. चेहरा ओला करून रात्री लेप लावा, बोटांच्या पेरांच्या वजनाहून अधिक जोर न देता मिनिटभर फिरवा आणि कोमट पाण्याने धुऊन टाका. लेप वाळू देऊ नका, कारण वाळलेले पीठ ओरबाडून काढतानाच सर्वाधिक इजा होते आणि मुलतानी मातीबाबतही हेच लागू आहे. धुतल्यावर लगेच मॉइश्चरायझर लावा. आठ-दहा दिवसांतून एकदा एवढे पुरते. उरलेला ओला लेप दुसऱ्या वेळेसाठी फ्रिजमध्ये ठेवू नका, पाण्यात कालवलेल्या पिठात जंतू फार लवकर वाढतात. चेहऱ्यावर पिकलेल्या पुळ्या, इसब, सोरायसिस किंवा चपटे चामखीळ असतील, अथवा पुळ्यांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीनसारखे मलम चालू असेल, तर हेही करू नका. पुळीवर घासल्याने ती आतल्या आत फुटते आणि चामखिळीवर घासल्याने ती पसरते.

सासूबाईंच्या उटण्याविषयी मला आदर आहे आणि तो कारणासहित आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपण आधी अंगाला कोमट तेल जिरवतो आणि मगच उटणे लावतो, यात त्वचेची मोठी सोय आहे. तेलाच्या थरामुळे घर्षण कमी होते, त्वचेतील पाणी टिकते आणि वाळा, नागरमोथा, कचोरा, चंदन, गुलाबपाकळ्या यांची बारीक पूड जादा तेल टिपून घेते. आयुर्वेदाच्या दिनचर्येत उद्वर्तन, म्हणजे अंगाला पूड चोळणे, सांगितलेले आहे, त्यामुळे ही प्रथा जुनी आणि विचारपूर्वक आहे, यात शंका नाही. पण ‘त्याने कधीच काही होत नाही’ हे मात्र मला मान्य करता येत नाही. तेल न लावता कोरड्या अंगावर रोज उटणे चोळले, आणि त्यातही ते नायलॉनच्या जाळीने घासले, तर गळ्याची हाडे, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि नडग्या अशा हाडांवरच्या जागी तपकिरी, कधी लाटांसारख्या रेषांचा काळेपणा येतो. घर्षणातून येणारा हा रंग त्वचारोगतज्ज्ञांना भारतात आणि जपानमध्ये चांगलाच परिचयाचा आहे. तो आल्यावर माणसे मळ समजून अधिक जोराने घासतात, आणि तो अधिक गडद होतो. सासूबाईंना सांगा की आठवड्यातून एकदा, आधी तेल लावून, हाताने लावलेले उटणे उत्तम. बाजारातून आणताना सुगंधाचा भडिमार नसलेले आणि बोटांत खरखरीत न लागणारे पाहून घ्या. ज्या उटण्यात संत्र्याची किंवा लिंबाची साल आहे, ते लावल्यावर नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका.

बाळाच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे. मालीश चालू ठेवा, हलक्या हाताने आणि खोबरेल तेलाने, त्याने बाळाला आणि आईलाही सुख लाभते. डाळीचे पीठ, साय आणि कणकेचा गोळा मात्र आजच बंद करा. जन्मतः असलेली मऊ लव पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळते आणि पुढे अंगावर केस किती येणार, हे आनुवंशिकतेने ठरते. गोळा फिरवल्याने त्यात बदल होत नाही, फक्त केस ओढले जाऊन त्यांच्या मुळाशी पुळ्या येतात. बाळाची त्वचा मोठ्यांच्या त्वचेपेक्षा पातळ असते. कोरड्या किंवा इसब असलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने रोज आत शिरत राहिली, तर शरीर त्या अन्नाला परके मानायला शिकू शकते आणि पुढे तेच अन्न खाल्ल्यावर ॲलर्जी उद्भवू शकते. हे मोठ्या माणसांतही घडलेले आहे : गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण जपानमध्ये 2010 पर्यंत विकला जात होता आणि तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गहू खाल्ल्यावर ॲलर्जी होऊ लागली. ज्या बाळाने अजून वरणाची चवही घेतलेली नाही, त्याच्या अंगावर डाळ आणि कणीक रोज चोळण्याचे काहीच कारण नाही. जावेला हे सांगताना दोष न देता सांगा. घरातल्या सर्वांनी प्रेमापोटीच ते केलेले आहे.

राहिला लग्नाचा प्रश्न. तुमचे डाग मार्गशीर्षापर्यंत पूर्ण जातील असे आश्वासन मी देणार नाही, पण ऊन टाळले आणि घासणे थांबवले तर ते नक्की फिके होतील, आणि उरलेले सनस्क्रीनवर लावलेल्या कन्सीलरने झाकले जातील. भुवयांचे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग समारंभाच्या चार-पाच दिवस आधी उरकून घ्या, आणि त्याच्या दोन दिवस आधी व दोन दिवस नंतर चेहऱ्याला लेप, ब्लीच किंवा आम्ल लावू नका. ब्लीच तर या खेपेला नकोच. हळदीच्या दिवशी वहिनी म्हणून तुम्हालाही हळद लागणारच. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेत राहता, तेव्हा सुटी पूड न घेता हळकुंडे आणून ती घरी कुटा, म्हणजे पुडीतील भेसळीचा धोका कमी होईल. आणि हळद लावण्याआधी चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा थर द्या. नंतर तिचा पिवळेपणा काढण्यासाठी साबणाने खसाखसा घासू नका. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात लवकर विरघळतो, म्हणून कापसाचा बोळा तेलात भिजवून हलके पुसा आणि मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. जो थोडा पिवळेपणा राहील, तो दोन-तीन दिवसांत आपणहून उतरेल.